सोळा घोडे कोणी नेले?

"गाडी तर तीच आहे ना?" या एका वाक्याशी मी नऊ वर्षं भांडते आहे.

झाशीत एका मोटारविक्रेत्याच्या वर्कशॉपमध्ये मी सर्व्हिस अॅडव्हायझर आहे. म्हणजे गाडी घेऊन आलेला माणूस आणि गाडीखाली झोपलेला मिस्त्री यांच्यामध्ये बसलेली बाई. माणूस म्हणतो, "आवाज येतो." मी लिहून घेते. मिस्त्री विचारतो, "कैसी आवाज?" मी पुन्हा माणसाकडे जाते. माणूस तोंडाने आवाज काढून दाखवतो. मी तो तसाच्या तसा मिस्त्रीला काढून दाखवते. माझ्या या कलेची एकाही स्थळाने अजून दखल घेतलेली नाही, असं आई म्हणते.

दिवाळी अंकात नोकरीबद्दल लिहायचं तर माणूस निवृत्त हवा, केस पिकलेले हवेत. मी एकतीस वर्षांची आहे. पण मी साठीची होईपर्यंत सगळ्या गाड्या विजेवर चालतील, आणि घोडे म्हणजे काय हेच लोकांना समजावून सांगावं लागेल. म्हणून आत्ताच लिहिते.

आधी धंद्यातली मूळ गोष्ट सांगते. एका नावाची गाडी बाजारात येते ती एकटी येत नाही. तिची सहा-सात भावंडं असतात. पेट्रोलची, डिझेलची, गॅसची, स्वस्तातली, मधली, वरची. चेहरा सगळ्यांचा एक, नाव एक. ताकद मात्र प्रत्येकाची वेगळी. ही ताकद घोड्यांत मोजतात. गिऱ्हाईक नाव बघून गाडी घेतं, घोडे कोणी विचारत नाही. मग कधीतरी मेहुण्याची तीच गाडी आपल्या गाडीच्या पुढे निघून जाते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला माणूस माझ्या टेबलासमोर उभा राहतो.

माणिक चौकातले एक साड्यांचे व्यापारी होते. त्यांनी गॅसवर चालणारी गाडी घेतली. पंधरा दिवसांत हजर.

"मैडम, गाडी हांफती है."

"कितने लोग बैठते हैं?"

"हम, हमारी श्रीमती, अम्मा और गठरियां."

"कितनी गठरियां?"

"जितनी आ जाएं."

डिकीत गॅसची टाकी बसल्यामुळे तिथली गाठोडी पुढे आली होती, आणि पुढची अम्मांच्या मांडीवर. मी त्यांना समजावलं की इंजिन हवा आत ओढतं, इंधन तिच्यात मिसळतं, आणि ते मिश्रण जळून ताकद मिळते. पेट्रोल म्हणजे थेंब. तो फार जागा घेत नाही. गॅस मात्र स्वतःच हवेसारखा पसरतो, हवेची जागा खातो. हवा कमी आली की आग कमी, आणि आग कमी की घोडे कमी. व्यापारी लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मतलब अम्मा को उतारना पडेगा?" मागच्या सीटवरून अम्मांनी जे उत्तर दिलं ते बुंदेलीत होतं. ते अंकात छापता येणार नाही.

दुसरे एक कॉलेजातले प्राध्यापक. त्यांनी फोनवर बघितलं की आपली हीच गाडी परदेशात जास्त ताकदीची मिळते. ते टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "वहां के लोगों में ऐसा क्या खास है?" मला त्यांचं म्हणणं इतकं पटलं की मीही मूठ आपटली. आम्ही दोघं मिळून कंपनीला अर्जही लिहायला घेतला. तेवढ्यात आमचे हेडमिस्त्री हरप्रसाद भैया हात पुसत आले आणि म्हणाले की बाहेर तेल वेगळं, धुराचे कायदे वेगळे, कराचे नियम वेगळे. प्रत्येक देशात कंपनी इंजिनाचा कान वेगवेगळा पिळते. आणि मे महिन्यात झाशीची हवा तापून पातळ होते तेव्हा इथे कुणाचेच घोडे धड पळत नाहीत. प्राध्यापकांनी अर्ज घडी करून खिशात ठेवला. ते गेल्यावर हरप्रसाद भैया मला म्हणाले, "बिटिया, गुस्सा करने से पहले एक बार बोनट खोल लिया करो."

हरप्रसाद भैया म्हणजे छप्पन वर्षांचा सडपातळ माणूस. चौदाव्या वर्षापासून हात काळे. सर्टिफिकेट एकही नाही. इंजिनावर हात ठेवून ते सांगतात की याला तीन दिवसांपूर्वी भेसळीचं डिझेल पाजलं आहे, आणि मालक तीन दिवसांपूर्वीच्या पंपाचं नाव आठवायला लागतो. मला हा धंदा त्यांनी शिकवला. मी डिप्लोमा करून आले होते, म्हणजे मला सगळी नावं येत होती. ती वस्तू गाडीत कुठे असते हे त्यांनी दाखवलं.

पण त्यांचा तो बोनटचा उपदेश मला कधीच पचला नाही. त्याला कारण माझं घर.

माझे वडील भुसावळहून बदली होऊन इथल्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून आले. युनियनची पत्रकं लिहिणं हे त्यांचं खरं काम. फिटरचं काम ते आठ तासांत उरकायचे. आमच्या क्वार्टरमध्ये पलंगाखाली धान्याच्या डब्यांऐवजी पत्रकांचे गठ्ठे होते. कामाचे तास, अंधश्रद्धा, हुंडा, ग्राहकांचे हक्क, कँटीनमधली डाळ. मी मराठी वाचायला बाबांनी जळगावहून मागवलेल्या पत्रकांवर शिकले, आणि हिंदी त्यांच्या स्वतःच्या पत्रकांवर. माझं नाव समता. भाऊ झाला असता तर त्याचं नाव संघर्ष ठेवणार होते. आई म्हणते, देवाला काळजी. "तुझ्या बाबांनी तीस वर्षं पत्रकं वाटली," ती सांगते, "पण पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली फक्त मी. तीही काना-मात्रा बघायला."

असल्या घरात वाढलेल्या मुलीला मोटारीचं रंगीत ब्रोशर बघून काय वाटत असेल? ब्रोशर म्हणजे भांडवलाने काढलेलं पत्रक. पहिल्या पानावर भला मोठा आकडा, त्याच्या डोक्यावर एक चांदणी, आणि त्या चांदणीचा खुलासा शेवटच्या पानावर मुंगीच्या अक्षरात, की हा आकडा फक्त वरच्या गाडीचा आहे. मी ते ब्रोशर टेबलावर ठेवतच नसे. मला त्या वरच्या गाडीचाच राग होता. छप्पर उघडतं म्हणे. झाशीच्या उन्हात छप्पर उघडून कोणाला काय बघायचं आहे?

हा राग लक्षात ठेवा. याच रागाने हरप्रसाद भैयांना घरी बसवलं.

धनत्रयोदशीला शोरूममध्ये इतकी गर्दी होते की वर्कशॉपचे लोकही विक्रीला उभे करतात. आमचे मालक, ज्यांना सगळे भाईसाहब म्हणतात, त्यांनी त्या वर्षी सगळ्यांना केशरी फेटे बांधले होते. मी फेट्याचा निषेध केला, मग बांधला. त्या गर्दीत बबीन्याहून एक निवृत्त सुभेदार आले. पांढऱ्या मिशा, ताठ पाठ, हातात पेढ्यांचा डबा. आयुष्य रणगाड्यांत गेलेलं. डिझेल गाडी बघत होते. एका बाजूला वरची, एका बाजूला मधली. त्यांनी मला विचारलं, "बेटा, दोनों में फर्क क्या है?"

मी म्हणाले, "इंजन वही है साहब. ऊपर वाली में बस छत खुलती है."

तेव्हा मला माहीत होतं की इंजिन तेच असलं तरी त्याची ताकद वेगळी आहे. मधलीत नव्व्याण्णव घोडे, वरचीत एकशे पंधरा. पण एका साध्या, सरळ माणसाला मी छपराच्या थाटातून वाचवत होते. हे सत्कार्य करताना सोळा घोड्यांचा पाल्हाळ कशाला, असं मला वाटलं. सुभेदारांनी मधली घेतली. मला पेढा दिला. मी तो अभिमानाने खाल्ला.

शेजारी हरप्रसाद भैया फेटा सावरत उभे होते.

फेब्रुवारीत सुभेदार परत आले. डबा नव्हता. हातात टाइप केलेली तक्रार होती, फौजी शिस्तीत क्रमांक घातलेली. मी ती भाईसाहबांच्या केबिनमध्ये मोठ्याने वाचून दाखवली.

एक: तक्रारदाराचे ग्वाल्हेरचे व्याही यांच्याकडे याच नावाची, याच रंगाची गाडी आहे. दोन: दोन्ही कुटुंबं ओरछ्याला दर्शनाला निघाली असता व्याह्यांनी तक्रारदाराला चढावर मागे टाकलं, आणि टाकताना हात हलवला. तीन: तक्रारदाराच्या नातवंडांनी टाळ्या वाजवल्या. नातवंडं तक्रारदाराच्याच गाडीत बसली होती. चार: ढाब्यावर दोन्ही गाड्यांची कागदपत्रं ताडून पाहता तक्रारदाराच्या गाडीत सोळा घोडे कमी निघाले. पाच: विक्रीच्या वेळी इंजिन एकच असल्याचं सांगण्यात आलं होतं. सहा: सबब, घोडे पहिल्या सर्व्हिसच्या दिवशी गेले. सात: त्या दिवशी तक्रारदाराला वेटिंगरूममध्ये बसवून चहा पाजण्यात आला. आठ: चहा गरजेपेक्षा लांबवण्यात आला. नऊ: गाडीवर हात फक्त हरप्रसाद मिस्त्रीचा होता.

"साहब, कागज में तो पहले दिन से निन्यानवे ही लिखा है," भाईसाहब म्हणाले.

"कागज भी तुम्हीं ने बनवाया था," सुभेदार म्हणाले. "फौज में ऐसे पंप बदलते मैंने अपनी आंख से देखा है. अच्छा निकाला, घटिया लगा दिया. मुझे मेरे सोलह घोडे चाहिए, और उस आदमी को बाहर चाहिए."

ते गेल्यावर भाईसाहबांनी दार लोटलं. गुरुवारी कंपनीचे साहेब चौकशीला येणार होते. "समता जी, उनके सामने किसी का नाम तो रखना पडेगा," ते म्हणाले. "हरप्रसाद पुराने आदमी हैं. सर्टिफिकेट भी नहीं है. समझ जाएंगे. गुरुवार तक घर बैठें, फिर नौकरी से छुट्टी."

पाचव्या क्रमांकाचं वाक्य कोण बोललं होतं हे त्या केबिनमध्ये मला एकटीला माहीत होतं. सुभेदारांनी मला ओळखलं नव्हतं. त्यांना फेटा आठवत होता, चेहरा नाही. मी त्याच वेळी बोलायला हवं होतं. मी बोलले नाही. मी मनाशी म्हणाले की दोष कंपनीचा आहे, ब्रोशरचा आहे, चांदणीचा आहे. पत्रकांवर वाढलेल्या माणसाची ही सोय असते. दोष नेहमी वरच्या मजल्यावर राहतो.

हरप्रसाद भैयांनी हत्यारं पुसून पेटीत ठेवली, पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्याकडे दिली. "संभाल के," एवढंच म्हणाले. त्या किल्लीने मला इतका संताप आला की मी घरी जाऊन जे येतं ते केलं. पत्रक लिहिलं.

लिहिलं चांगलं, हे आजही म्हणेन. दोन गाड्यांचं इंजिन एकच असून ताकद वेगळी कशी, हे हरप्रसाद भैयांच्याच उदाहरणाने सांगितलं. चूल एकच, फुंकणी वेगळी. इंजिनात हवा कोंबायला टर्बो नावाची एक फुंकणी असते. मधल्या गाडीत ती साधी असते, एकाच जोराने फुंकते. वरच्या गाडीतली फुंकणी दम कमी असेल तेव्हा ओठ आवळते आणि दम भरला की मोकळे सोडते. शिवाय किती डिझेल सोडायचं हे गाडीतला कॉम्प्युटर ठरवतो, आणि कंपनीने मधल्या गाडीत त्याला हात आखडायला शिकवलेलं असतं. कारणं काही रास्त आहेत. साधी फुंकणी स्वस्त पडते, टिकते, आणि पुढचा क्लचही हलका चालतो. काही कारणं रास्त नाहीत. मधली गाडी वरचीइतकीच पळाली तर वरची घेणार कोण? हे सगळं कारखान्यात ठरतं. यात मिस्त्रीचा हात नसतो.

मथळा मी दिला होता: "एक मॉडल, अलग शक्ति: कुछ तथ्य."

बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला. "हे काय? खोकल्याच्या बाटलीवरचं लेबल? मथळा पेटला पाहिजे, पोरी."

"मग काय लिहू?"

बाबांनी डोळे मिटले. निवृत्तीनंतर इतकं तेज मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं नव्हतं. "लिही. आपकी गाडी के सोलह घोडे कौन ले गया?"

माझ्या अंगावर काटा आला. आई आतून म्हणाली, "वाचणाऱ्याला वाटेल, ह्यांच्या घरी बांधलेत." आम्ही दुर्लक्ष केलं.

बाबांच्या नेहमीच्या छापखान्यात गुलाबी कागदावर पत्रक छापलं. मथळा इतका मोठा घेतला की पुढच्या बाजूला फारशी जागा उरली नाही. सगळा खुलासा मागे गेला. पुढच्या बाजूला तळाशी फक्त शेवटची ओळ बसवायची होती: हरप्रसाद मिस्त्री निर्दोष हैं. छापखान्यातल्या माणसाने अक्षर ठळक केलं आणि ओळ मावेना. "हरप्रसाद मिस्त्री" एवढं पुढे राहिलं. "निर्दोष हैं" पान उलटल्यावर.

मी प्रूफ बघितलं होतं. माझं लक्ष मथळ्यावर होतं.

मंगळवारी दुपारी बाबांनी आणि मी मिळून माणिक चौक, बसस्टँड आणि आमच्या वर्कशॉपचं फाटक अशा तीन ठिकाणी पत्रकं वाटली. लोक घेत होते, वाचत होते, एकमेकांना दाखवत होते. बाबा म्हणाले, "बघ. जनता तहानलेली आहे."

बुधवारी सकाळी जनता आली.

फाटकापाशी गाड्यांची रांग लागली होती. प्रत्येकाच्या हातात गुलाबी कागद. मागची बाजू एकानेही वाचली नव्हती. "मेरे वाले में से कितने गए?" "भैया, पांच साल पुरानी है, सब तो नहीं निकाल लिए?" एक गृहस्थ स्कूटर घेऊन आले होते. मी म्हटलं, "साहब, स्कूटर में सोलह होते ही नहीं." ते म्हणाले, "देखा! सब ले गए!" वरच्या गाडीच्या एक मालकीणबाई आल्या होत्या. त्यांचे एकशे पंधरा पूर्ण आहेत असं मी छातीवर हात ठेवून सांगितलं, तर म्हणाल्या, मग हे हरप्रसाद माझ्या गाडीकडे का वळले नाहीत? मी कागद उलटून दाखवत होते, आणि लोक म्हणत होते, "पीछे का छोडिए, आगे का जवाब दीजिए." साड्यांचे व्यापारीसुद्धा आले. अम्मा पुढच्या सीटवर होत्या.

भाईसाहबांनी केबिनला आतून कडी लावली होती. दुपारी दार उघडून एवढंच म्हणाले, "समता जी, कल साहब आ रहे हैं. आज आप कुछ मत लिखिएगा."

संध्याकाळी मी ओरछा गेटला हरप्रसाद भैयांच्या घरी गेले. गल्लीच्या तोंडाशी पानवाल्याच्या फळीवर गुलाबी कागद चिकटवलेला होता. अर्थातच पुढची बाजू वर. भैया ओट्यावर बसून घरातला मिक्सर दुरुस्त करत होते. भैयांच्या पत्नी, ज्यांना मी चाची म्हणते, त्यांनी मला पाणी दिलं आणि काही न बोलता आत गेल्या. त्या न बोलता आत जाणाऱ्यांतल्या नाहीत.

"भैया, मैंने तो आपके लिए..."

"जानते हैं." त्यांनी स्क्रू फिरवला. "कल तक एक आदमी हमें चोर कहता था. अब पूरी झांसी कह रही है." मग शेजारचा गुलाबी कागद उचलून त्यांनी उलटला. "पीछे वाला अच्छा लिखा है. फूंकनी वाली बात समझ में आती है."

माझ्या माहितीत मागची बाजू वाचणारे ते एकटे.

गुरुवारी साहेब आले, लॅपटॉप घेऊन. सुभेदार आले, आणि साक्षीदार म्हणून आपले व्याही आणि त्यांची गाडी घेऊन आले. व्याही हसतमुख, जाडसर, आणि आजचा कार्यक्रम आपल्या सन्मानार्थ आहे अशा थाटात. साहेबांनी सुभेदारांच्या गाडीला वायर जोडली आणि पडद्यावर दाखवलं की कॉम्प्युटरमधला हिशेब कारखान्यातला मूळचाच आहे.

"कंप्यूटर तुम्हारा, जवाब भी तुम्हारा," सुभेदार म्हणाले.

याचं उत्तर साहेबांच्या लॅपटॉपमध्ये नव्हतं. तेव्हा चौकशीला बोलावलेले, कोपऱ्यात उभे असलेले हरप्रसाद भैया पुढे आले आणि सुभेदारांना म्हणाले, "साहब, आपने टैंक खोले हैं. दोनों बोनट खोल देता हूं. आप खुद देख लीजिए."

दोन्ही गाड्या शेजारी शेजारी. सुभेदारांनी बाह्या सरसावल्या, चष्मा लावला आणि आत वाकले. भैयांनी बोट दाखवलं. व्याह्यांच्या गाडीत टर्बोच्या पोटाशी ओठ हलवणारी दांडी होती. सुभेदारांच्या गाडीत ती दांडी नव्हती, आणि तिच्यासाठी जागाही नव्हती. बोल्टांवर कारखान्याने लावलेली रंगाची खूण अखंड होती. पाना एकदा लागला की ती खूण तुटते. सुभेदारांनी प्रत्येक बोल्टावरून नख फिरवलं. एकेक करून, सगळ्यांवरून. त्याला दहा मिनिटं लागली. व्याहीसुद्धा वाकून बघू लागले.

मग सुभेदार सरळ झाले. "किसी ने नहीं खोला," ते म्हणाले. "ये पैदा ही ऐसी हुई है." हरप्रसाद भैयांकडे वळून त्यांनी मान झुकवली. फौजी माणसाची माफी तेवढीच असते, पण पुरते. मग ते भाईसाहबांकडे वळले. "तो फिर मुझसे किसने कहा था कि दोनों एक हैं? एक लडकी थी. फेटे वाली."

भाईसाहबांनी हरप्रसाद भैयांकडे बघितलं. "आप भी तो थे उस दिन?"

भैया फडक्याने बोटं पुसत राहिले. प्रत्येक बोट वेगळं. तेव्हा मला कळलं की त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माझं एक नाव सांगितलं असतं तर त्यांना एक दिवसही घरी बसावं लागलं नसतं.

"मैं थी," मी म्हणाले. पत्रकात हे दोन शब्द मी कधी लिहिले नव्हते. आवाज माझ्याच ओळखीचा वाटला नाही.

"क्यों कहा?" सुभेदारांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. छपराचा राग, साध्या माणसाला थाटापासून वाचवणं, सगळं. ते ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "बेटा, मैंने तुमसे छत का पूछा था? फर्क पूछा था. मेरी नातिन को वही छत वाली चाहिए थी. सिर बाहर निकालके खडी होना चाहती थी. मैं तो ऊपर वाली लेने ही आया था." थोडं थांबून म्हणाले, "तुमने मेरी तरफ से खुद ही तय कर लिया."

नऊ वर्षांत मला कोणी इतकं सभ्यपणे थोबाडीत मारलं नव्हतं. ब्रोशरने निदान शेवटच्या पानावर मुंगीच्या अक्षरात तरी खरं छापलं होतं. मी तेवढंही केलं नव्हतं.

व्याह्यांनी सुभेदारांच्या खांद्यावर हात ठेवला. "अरे समधी जी, हमारी ले जाइए कभी-कभी." सुभेदारांनी तो हात खांद्यावरून उतरवून ठेवला. "समधी जी, आप बबीना तक हमारे पीछे-पीछे चलिएगा आज."

ते गेले. गाडी परत घेणं कोणाच्या हातात नव्हतं आणि सुभेदारांनी तसं मागितलंही नाही. मला महिनाभर काउंटरवरून उठवून वर्कशॉपच्या आत टाकण्यात आलं. शिक्षा म्हणून. शिवाय एक नवा नियम झाला, तो मी सुचवला. गाडीची किल्ली देण्याआधी तिच्या त्याच अवताराची ताकद गिऱ्हाइकाला तोंडी सांगायची, आणि वरच्या-खालच्या अवतारांचीही, न विचारता. विक्रीवाले माझा अजून तिरस्कार करतात. एका माणसाने हे आकडे ऐकून गाडी घेतलीच नाही. म्हणाला, सोच के आता हूं. अजून विचार करतो आहे.

सोमवारी हरप्रसाद भैया कामावर आले. मी पेटीची किल्ली दिली. पहिलीच गाडी सुभेदारांची होती, दुसऱ्या सर्व्हिसला. त्यांनी वेटिंगरूममध्ये बसायला आणि चहा घ्यायला ठाम नकार दिला. वर्कशॉपच्या आत, गाडीच्या शेजारी, हात पाठीमागे बांधून ते उभे राहिले. माझी शिक्षा त्याच गाडीखाली टॉर्च धरायची होती.

गाडीखाली आम्ही दोघंच होतो तेव्हा मी हळूच विचारलं, "भैया, आपने बताया क्यों नहीं?"

"हम बताते तो चुगली होती," ते नट सैल करत म्हणाले. "तुम बतातीं तो बात होती. सो बैठे रहे."

"और मैं न बताती तो?"

"तो मिक्सर बनाते. मुहल्ले में बहुत मिक्सर हैं."

मी बाहीने डोळे पुसले, तशी टॉर्च हलली. बाहेर, चाकाजवळ, सुभेदारांचे पॉलिश केलेले बूट एक पाऊल पुढे आले आणि थांबले.

"बत्ती सीधी पकडो बिटिया," हरप्रसाद भैया म्हणाले. "सूबेदार साहब को हमारे हाथ दिखने चाहिए."